‘फील कर’ म्हणजे नेमकं काय करू?

फोंड्याजवळच्या एका सतरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. थोडा आटोपशीर करून देते:

‘बारावीला आहे, नऊ वर्षं पियानो शिकतोय. आठव्या ग्रेडला १५० पैकी १२२ मिळाले. परीक्षकांनी लिहिलं की वादन चोख आहे, पण त्यातून अजून काही सांगितलं जायला हवं. सर प्रत्येक क्लासला म्हणतात, “फील कर.” मी फील करतोच आहे! घरी सगळे भजन-नाट्यगीतवाले, पियानो वाजवणारा मीच पहिला. काका म्हणतात, टक्केटोणपे खाल्ल्याशिवाय ते यायचं नाही. मित्र म्हणतो, एक प्रेमभंग होऊ दे, शोपां आपोआप येईल. सध्या शोपां या पोलिश संगीतकाराचं ई मायनरमधलं प्रेल्यूड, म्हणजे एक छोटी रचना, घेतलंय. वय वाढेपर्यंत थांबायचं का? की सर बदलू?’

अरे-तुरे करते, राग मानू नकोस. माझे निम्मे विद्यार्थी तुझ्याच वयाचे आहेत. आणि आधी एक हिशेब नीट करू. १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. म्हणजे तू मेरिटच्या वर आहेस आणि पुढची पायरी आठ गुणांवर आहे. चोख वाजवणं ही लहान गोष्ट नव्हे. ते नसतं तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच मी बसले नसते.

आता मुद्द्याचं. तू म्हणतोस की मी फील करतो, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. अडचण भावनेची नाही. जे आत वाटतं ते बोटांतून तारेपर्यंत पोचत नाही ही एक अडचण, आणि ते पोचत नाहीये हे तुला ऐकू येत नाही ही दुसरी. दुसरी जास्त मोठी. तुझ्या सरांना ते ऐकू येतं, म्हणून ते बिचारे ‘फील कर’ म्हणतात. पण हा सल्ला म्हणजे आमटीत काहीतरी कमी आहे म्हणायचं आणि मीठ की कोकम ते सांगायचंच नाही.

मी स्वतः यातून गेले आहे. एकोणिसाव्या वर्षी पणजीत एका छोट्या हॉलमध्ये वाजवत होते. आजी जाऊन महिना झाला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोरचं पुस्तक धूसर झालं होतं, आणि आज आपण काहीतरी वेगळंच वाजवलं अशी माझी खात्री होती. कुणीतरी कॅसेटवर ते रेकॉर्ड केलं होतं. आठवड्याने ऐकलं. लय लंगडत होती, डावा हात सगळीकडे सारखाच ठोकत होता, आणि जिथे मला सर्वांत जास्त भरून आलं होतं तिथे तर उजव्या हाताचे दोन सूर वाजलेच नव्हते. रडण्यात ऐकायचं राहून गेलं होतं. ती कॅसेट बरीच वर्षं मी कुणाला दाखवली नाही.

काही गोष्टी इथून मला दिसत नाहीत, त्या तूच तपासून बघ. पहिली म्हणजे मनगट. अवघड जागेच्या दोन बार (म्हणजे आवर्तनं) आधी खांदे कानांकडे चढत असतील, तर आधी ते. बोटं कुठे पडतील या काळजीत असलेल्या डोक्याला दुसरं काही सुचत नाही. म्हणूनच भावाचा अभ्यास नेहमी आपल्या ग्रेडपेक्षा दोन-तीन ग्रेड सोप्या रचनेवर करावा. प्रेल्यूड घेतलंयस हे त्या दृष्टीने उत्तमच झालं. त्यात बोटांना पळवायला जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे लपायलाही जागा नाही.

दुसरी गोष्ट वाद्याची. घरी डिजिटल पियानो असेल, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाजाचं बटण पावावर ठेवून तू वाजवत असशील, तर तुझ्या हाताला नकळत जोरात मारायची सवय लागली असणार. हे मी गेल्या काही वर्षांत फार बघितलंय. मुलं परीक्षेच्या खऱ्या पियानोवर बसतात आणि त्यांना हळू वाजवताच येत नाही. आवाज खऱ्या पियानोएवढा ठेव. शेजारी तक्रार करत असतील तर हेडफोन लाव, पण बटण खाली आणू नकोस. घरी जुना अपराइट (उभा पियानो) असेल तर पावसात त्याची काय गत होते ते तुला मी सांगायला नको. फेल्ट फुगतात, किल्ल्या (पट्ट्या) अडकतात, सूर बिघडतात. अशा वाद्यावर जून-जुलैत नाजूकपणा साधत नसेल तर तो दोष तुझा नाही. आत बल्ब पेटता ठेव आणि ट्यूनर पाऊस उघडल्यावरच बोलाव.

बाकीचं सगळं मात्र कानावर आहे.

मी पेटीच्या घरातली. वडील देवळात भजनाला पेटीवर बसत, आणि अकराव्या वर्षापर्यंत मीही तीच वाजवली. मग मडगावला एका वयस्कर टीचरांकडे पियानो शिकायला जायला लागले. आठवड्यातून एकदा, बसने, पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. पियानोच्या आत बल्ब जळत होता, फटीतून पिवळा उजेड दिसायचा. टीचरांनी मधल्या सप्तकातली एक किल्ली दाबली, दाबूनच धरली, आणि म्हणाल्या, सूर संपला की हात वर कर. बाहेर पाऊस कौलांवर कोसळत होता. चार-पाच सेकंदांत मी हात वर केला. त्यांनी मान हलवली. बोट तिथेच. ‘आयक, बाये. सूर मरसर आयक.’ मरेपर्यंत ऐक. मी परत कान लावला. पावसाच्या आवाजाखाली तो सूर अजून होता, बारीक, थोडा थरथरता, मग नुसता आहे-नाही असा. तो कधी गेला ते नक्की सांगता येईना. त्या दिवशी क्लासमध्ये दुसरं काहीच झालं नाही. बसभाडं फुकट गेलं म्हणून आई वैतागली होती.

पण त्या तासात टीचरांनी मला पेटी आणि पियानो यांतला फरक दाखवला, जो तुलाही लागेल. पेटीवर भाता चालू आहे तोवर सूर जिवंत राहतो. किल्ली दाबल्यावर काय करायचं ते भात्याच्या हातात असतं. पियानोवर उलटं आहे. किल्ली जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. हातोडी तारेला लागण्याआधीच किल्लीपासून सुटून मोकळी झालेली असते, त्यामुळे त्यानंतर तू किल्ली कितीही कळवळून दाबलीस, बोट थरथरवलंस, डोळे मिटलेस, तरी त्या सुराला काडीचा फरक पडत नाही. जे काय करायचं ते त्या एका सेंटिमीटरच्या प्रवासात, किल्ली किती वेगाने खाली न्यायची एवढंच. आणि तार वाजल्या क्षणापासून सूर मरायला लागतो. मग पियानोवर गाणं येतं कुठून? पुढचा सूर मागच्या सुराच्या शिल्लक आवाजाला लागून यावा लागतो. मागचा किती उरलाय ते ऐकायचं आणि तेवढ्याच वजनाने पुढचा ठेवायचा. उरलेला आवाज न ऐकता पुढचा सूर वाजवला की तो नवा टोला वाटतो, माळेतला मणी वाटत नाही. परीक्षक ‘चोख आहे पण’ म्हणतात तेव्हा दहातल्या सात वेळा त्यांना हेच म्हणायचं असतं.

आता तुझ्या प्रेल्यूडकडे. ओपस २८ या संचातलं चौथं. पंचवीस बारांची रचना, दोन-सव्वादोन मिनिटांत संपते. उजवा हात बघ. सुरुवातीला बी वरून वरच्या बी वर उडी, आणि मग पहिले तीन बार नुसतं बी-सी, बी-सी, बी-सी. लांब बी, आखूड सी. कुणी म्हणेल, यात वाजवायचं काय? तू भजनाच्या घरातला, म्हणून तुला वेगळ्या भाषेत सांगते. ई ला षड्ज मान. मग बी म्हणजे पंचम आणि सी म्हणजे कोमल धैवत. पंचमावर बसायचं, कोमल धैवताला हात लावायचा आणि परत यायचं. ते ओढणं तुझ्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. भैरवात तो धैवत कसा आंदोलित होतो ते आठव. शोपांला भैरव माहीत असायचं कारण नाही, पण पंचमाला अर्ध्या सुराने चिकटलेला धैवत कुठल्याही देशात पंचमाकडेच झुकतो. म्हणून तो सी पियानोवर कधीच बी पेक्षा जड किंवा स्वतंत्र वाटता कामा नये. तू तो कसा वाजवतोस? माझा अंदाज आहे की दोन्ही सारखेच. आता पेटी काढ, किंवा नुसता गा: प, ध॒, प. तुझा गळा धैवतावर काय करतो ते ऐक. गळ्याला कुणी ‘फील कर’ म्हणून सांगावं लागत नाही.

इथपर्यंत आपल्या घरचं ज्ञान पुरतं. पुढे पुरत नाही, आणि खरी गंमत पुढेच आहे. उजवा हात त्याच बी वर अडून बसलेला असताना डाव्या हातात, दर बारला आठ याप्रमाणे, तीन-तीन सुरांचे कॉर्ड वाजत असतात. आणि त्यातला एखादा सूर गुपचूप अर्ध्या पायरीने खाली सरकतो. सर्वांत खालचा जी पुढच्या बारमध्ये एफ शार्प होतो, त्याच्या पुढच्या बारमध्ये एफ. मधले आणि वरचे सूरही असेच, बहुतेकदा एकेक करून, उतरत जातात. म्हणजे वरचा पंचम तोच, पण त्याच्या पायाखालची जमीन दर वेळी थोडी खचलेली. त्यामुळे पहिल्या बारातला बी आणि तिसऱ्या बारातला बी कागदावर एक असले तरी एक नाहीत. आपल्या संगीतात तानपुरा षड्ज-पंचम धरून असतो, जमीन स्थिर असते आणि गाणारा फिरतो. इथे गाणारा उभा आहे आणि जमीन फिरते. आपल्या घरांतून पियानोकडे आलेल्या मुलांचा कान वरच्या सुराला तयार असतो, खालच्या हालचालीला बहिरा असतो. माझा होता. खोली खोली म्हणतात ती या रचनेत अक्षरशः खाली, डाव्या हातात आहे.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक मुलगा हेच घेऊन आला होता. वाजवताना डोलायचा, भुवया वर न्यायचा, शेवटच्या कॉर्डला मान टाकायचा. बघायला छान. मी पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत ऐकलं तर काहीच नव्हतं. त्याला सांगितलं, दोन आठवडे उजवा हात मांडीवर. फक्त डावा. आणि कॉर्ड बदलला की कुठलं बोट हललं ते मोठ्याने म्हणायचं. ‘करंगळी.’ ‘मधलं.’ ‘अंगठा.’ पहिले तीन दिवस त्याला ते अपमानास्पद वाटलं. नंतर मग तो हळूच म्हणाला की मिस, इथे दोन वेळा बदलेल असं वाटतं आणि बदलतच नाही. झालं. ‘वाटतं आणि होत नाही’ हे ज्याला ऐकू आलं, त्याला मी आता दुःखाबद्दल काही सांगायची गरज नव्हती. दोन आठवड्यांनी उजवा हात वर ठेवला तेव्हा त्याचं डोलणंही बंद झालं होतं. ऐकणारा माणूस स्थिर होतो, हे मी सगळ्यांत बघितलंय.

लयीचं बोलू. शोपां म्हटलं की मुलं लय ताणतात, रबरासारखी, आणि वाजवणं सांडत जातं. शोपां स्वतः उत्तम शिक्षक होता, आणि त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवलंय की डावा हात वाद्यवृंद चालवणाऱ्यासारखा लय धरून राहिला पाहिजे आणि उजव्याने त्यावर मोकळेपणाने गावं, असं तो सांगायचा. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. हे आपल्याकडे कुठल्याही तबलजीला झोपेतून उठवून विचार. ठेका ठेक्याच्या जागी, गाणारा थोडा मागे रेंगाळतो, थोडा पुढे जातो, आणि समेला दोघं भेटतात. रुबाटो रुबाटो म्हणतात तो हाच. तुझ्या घरी हे रोज चालतं आणि तुला वाटतंय की पियानो वाजवणारा तू एकटा! काकांना ठेका धरायला बसव, मेट्रोनोमपेक्षा (लयीच्या यंत्रापेक्षा) बरा. नुसत्या टाळीवर वरची ओळ गा, रेंगाळ, भेट. मग तेच दोन हातांत वाटून घे.

सोळाव्या बारापाशी शोपां ‘स्ट्रेत्तो’ लिहितो, म्हणजे लय घट्ट होत जाते, आणि पुढच्या बारात एकदाच मोठा आवाज येतो. तू चवथीला घुमट आरती म्हटली असशीलच. शेवटाकडे आरती चढते तेव्हा घुमट, शामेळ, कांसाळें ही सगळी वाद्यं एकदम पुढे सरकतात, पण ‘आता वेग वाढवा’ असं कुणी म्हणत नाही. एकमेकांना ओढत नेतात. तसं हवं. बहुतेक मुलं सोळाव्या बाराला गिअर बदलतात आणि तो खटका मला ऐकू येतो.

आणि सुरुवातीचं तालाचं चिन्ह बघितलंस का? इंग्रजी C अक्षराला उभी रेघ आहे. बारात चार नाही, दोन मात्रा मोजायच्या. वर ‘लार्गो’ (अगदी संथ) लिहिलंय म्हणून सगळे चार मोजत प्रेतयात्रेसारखं ओढतात, आणि मग तो बी पियानोवर मरून जातो, सी येईपर्यंत उरतच नाही. दोन मोजलंस की ओळ एका श्वासात बसते. (प्रेतयात्रेवरून आठवलं. ३० ऑक्टोबर १८४९ ला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपांच्या अंत्यविधीत हेच प्रेल्यूड वाजवलं गेलं, पण ऑर्गनवर. म्हणजे पेटीसारख्या, सूर न मरणाऱ्या वाद्यावर. ते कसं वाटलं असेल, याचा विचार मी कधीकधी करते.)

शेवटून तिसऱ्या बारात एक विचित्र कॉर्ड येतो, खाली बी फ्लॅट असलेला, आणि त्यानंतर विरामावर थांबण्याची खूण. विरामावर, सुरावर नव्हे. म्हणजे शोपां सांगतोय, शांतता वाजव. ती किती लांब? मी आकडा सांगणार नाही. हॉलवर, वाद्यावर, त्या दिवशीच्या पावसावर अवलंबून आहे. कॉर्ड मरेपर्यंत ऐक, मग शांतता ऐक, आणि आता काहीतरी यायलाच हवं असं वाटलं की ते शेवटचे तीन कॉर्ड ठेव. मनात एक-दोन-तीन मोजून पुढे गेलास तर परीक्षकाला ते मोजणं ऐकू येतं. खरंच येतं.

आता काकांकडे आणि मित्राकडे वळू. आयुष्य जगल्याने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. चाळिशीनंतर काही रचना मला वेगळ्या कळल्या, हे खरं आहे. पण ही प्रेल्यूड्स शोपांने १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर पुरी केली तेव्हा तो २८ वर्षांचा होता. शूबर्ट हा संगीतकार तर ३१ व्या वर्षी गेला. या लोकांनी म्हातारपणाची वाट बघितली नाही, त्यांना सवडच नव्हती. आणि उलट उदाहरण सांगते. दहा वर्षांची एक मुलगी शूमन या संगीतकाराचं ‘पहिलं दुःख’ नावाचं लहानसं गाणं वाजवत होती, त्याने मुलांसाठी केलेल्या अल्बममधलं. तिचं तोवर काय हरवलं असेल तर फार तर छत्री. शेवटाकडे त्यात एकदम जोरात कॉर्ड येतात. तिने तिथे थांबून मला विचारलं, ‘मिस, दुःखाचं गाणं आहे ना, मग इथे एवढं मोठं का?’ मी म्हटलं, तूच सांग. तिने ते परत वाजवलं आणि म्हणाली, ‘ह्याला रडू नाही येत आहे. राग आलाय.’ पन्नाशीच्या किती वादकांना हा प्रश्न पडतो?

त्या मुलीने जे केलं ते तू करू शकतोस. रचनेला ‘दुःखी’, ‘उदास’ अशी विशेषणं लावणं सोड. विशेषणाने हाताला काही कळत नाही. क्रियापदं वापर. इथे ओळ काय करते? विचारते? माघार घेते? बोलता बोलता गप्प होते? तेच परत सांगते, पण आता कमी खात्रीने? ‘माघार घेते’ म्हटलं की बोट आपोआप हळू पडतं. ‘उदास’ म्हटलं की फक्त चेहरा पडतो. नाट्यगीतात शब्द असतात, ते गाणाऱ्याला सांगतात कुठे काय करायचं. इथे शब्द नाहीत, म्हणून क्रियापदं पेन्सिलने आपणच लिहायची आणि पटलं नाही की खोडायची. माझ्या पुस्तकांची काही पानं खोडून खोडून फाटली आहेत.

चरित्रं आणि टोपणनावं यांवर फार विसंबू नकोस, एवढंच सांगते. बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’वर मुलं चंद्र, तलाव, होडी सगळं मनात आणतात. १८०१ सालच्या त्या सोनाटाला त्याने ते नाव दिलंच नव्हतं. तो गेल्यानंतर रेलश्टाब नावाच्या समीक्षकाने चांदण्याची उपमा दिली आणि ती चिकटली. बेथोव्हेनने स्वतः जे लिहिलंय, की पहिला भाग अगदी नाजूक आणि तारांवरचे डँपर (सूर थांबवणाऱ्या गाद्या) उचललेलेच ठेवून वाजवावा, ते मात्र निम्म्यांनी वाचलेलं नसतं. आजच्या पियानोवर ते तसंच्या तसं केलं तर चिखल होतो, हे खरं. मग पेडल किती आणि कधी बदलायचं हे ऐकून ठरवावं लागतं. पण ठरवायला घेतलंस की चंद्राची गरज उरत नाही.

रेकॉर्डिंगं जरूर ऐक, पण आधी नको. स्वतःची क्रियापदं लिहून झाली, चार वेळा बदलली, की मग ऐक. आणि एक नाही, तीन. कोर्तो, आर्गेरिच, पोलिनी या पियानोवादकांचं हेच प्रेल्यूड लागोपाठ लाव आणि फक्त डावा हात ऐक. तिघं इतके वेगळे आहेत की नक्कल करायची तर कुणाची, हा प्रश्न पडावा. नक्कल वाईट नव्हे. आपल्याकडे गुरूची नक्कल करतच शिकतात. एकाचीच नक्कल मात्र अडकवते.

पियानोशिवायही ऐक. तुझ्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबरच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेली. साडेतीन मिनिटांची आहे, फोनवर सहज मिळेल. त्यात बघ, एक सूर सोडून दुसऱ्यावर जाताना मधली जागा रिकामी सोडलेली दिसते का. पियानोला मींड नाही, पण मींड ऐकलेल्या माणसाचे दोन सूर आणि न ऐकलेल्याचे दोन सूर यांत फरक पडतो. शोपांही शिष्यांना इटालियन गायक ऐकायला सांगायचा, गायला शिका म्हणायचा. मांडो (आपली कोंकणी गीतं) म्हणणारी मंडळी जवळपास असतील तर त्यांच्याकडे जाऊन बस. ओळीच्या शेवटी ते किती सावकाश सूर सोडतात ते बघ. कला अकादमीत केसरबाईंच्या नावाचा समारोह भरतो, ओल्ड गोव्याच्या मोंतच्या चॅपलमध्ये संगीत महोत्सव होतो. खऱ्या खोलीत खरा सूर मरताना ऐकणं फोनवर होत नाही.

रोजचं काय, तर सांगते, फार नाही. पहिली पाच मिनिटं एक सूर, मरेपर्यंत. मग प्रेल्यूडची एक ओळ गाऊन, मग डावा एकटा, मग दोन्ही. एकच ओळ, पूर्ण रचना नाही. शेवटी तीच ओळ तीन वेगवेगळ्या क्रियापदांनी वाजव आणि फोनवर रेकॉर्ड कर. त्याच दिवशी ऐकू नकोस. दुसऱ्या दिवशी, कुठलं कुठलं ते विसरल्यावर ऐक, आणि क्रियापद ओळखता येतं का बघ. पहिला महिनाभर तिन्ही सारखीच वाटतील. निराशा येईल, ती येऊ दे. माझ्या विद्यार्थ्यांत पाच-सहा आठवड्यांनी फरक ऐकू यायला लागतो. काहींना त्याहून बराच वेळ लागला, आणि बारावीचं वर्ष आहे म्हटल्यावर तुलाही लागेल.

राहता राहिले सर. बदलू नकोस. ज्याला काहीतरी कमी आहे हे ऐकू येतं तो कान चांगला आहे, फक्त त्यांना ते शब्दांत सांगता येत नाहीये. पुढच्या क्लासला ते ‘फील कर’ म्हणाले की पुस्तक त्यांच्यापुढे सरकव, हातात पेन्सिल दे आणि विचार, ‘सर, कुठल्या बारात?’ ते खूण करतील. मग विचार, ‘वरचा सूर की खालचा?’ पहिल्यांदा कदाचित चिडतील. दुसऱ्यांदा ते स्वतः बाकावर बसून वाजवून दाखवतील. तेव्हा तू पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत ऐक.